वाचकांचे प्रश्न : होतकरू खेळाडूंना मदत कधी आणि कशी करावी?

गेल्या अंकात आम्ही जिल्हा पातळीवर चमकून नंतर दिसेनाशा होणाऱ्या शालेय खेळाडूंविषयी लिहिले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे पैशांविषयीची आहेत. काहींना मदत द्यायची आहे, काहींना ती हवी आहे, आणि काहींना ती घेताना आलेले अनुभव सांगायचे आहेत. त्यांतील सहा पत्रे येथे संक्षेपाने घेतली आहेत. बरीचशी मुले अल्पवयीन असल्याने पत्रलेखकांची व मुलांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक आहोत. आईच्या स्मरणार्थ दरवर्षी साठ हजार रुपये एखाद्या खेळाडूसाठी द्यावेत असे आमच्या मनात आहे. आमच्याच शाळेतली सोळा वर्षांची एक मुलगी १५०० आणि ३००० मीटर धावते. तिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि ती आजीजवळ राहते. पैसे थेट द्यावेत की एखाद्या संस्थेमार्फत? आणि ते कशासाठी द्यावेत? (बीड जिल्हा)

उत्तर : आपण दुसरा प्रश्न विचारलात याचे विशेष समाधान वाटले, कारण देणारे बहुतेकजण पहिल्याच प्रश्नापाशी थांबतात. म्हणून उत्तराची सुरुवातही दुसऱ्या प्रश्नापासून करतो.

मध्यम आणि लांब पल्ल्याच्या धावपटूचा पहिला खर्च पोटाचा असतो. दिवसाला एक लिटर दूध, चार अंडी, मूठभर शेंगदाणे, डाळ किंवा कडधान्याची भरपूर आमटी आणि एखादे फळ एवढा साधा खुराक धरला, तरी आजच्या दराने घरच्या जेवणावर दिवसाला दीडशे रुपयांच्या आसपास जादा लागतात. म्हणजे महिन्याला साडेचार हजार आणि वर्षाला चोपन्न हजार रुपये झाले. आपली जवळजवळ सगळी रक्कम इथेच संपते, आणि ती इथे संपली तर ती वाया गेली असे कृपया समजू नका. त्यानंतर येतात बूट. सरावाचा चांगला बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर टिकतो. पुढे त्याचा तळवा बसतो, आणि नडगी व गुडघे दुखू लागतात. ही मुलगी आठवड्याला साठ किलोमीटर धावत असेल, तर वर्षाचे तीन हजार किलोमीटर होतात, म्हणजे निदान चार जोड लागतात. स्पर्धेचे स्पाइक्स, म्हणजे तळव्याला खिळे असलेले बूट, त्याहून वेगळे. दानशूर माणसे एक भारी जोड घेऊन देतात, त्याचा फोटो काढतात, आणि मुलगी तोच जोड दोन वर्षे वापरते, हे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे.

तिसरा खर्च कोणाच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे रक्ताच्या तपासणीचा. या वयाच्या मुलींमध्ये लोहाची कमतरता फार आढळते आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये ती अधिकच दिसते. मुलीची वेळ दोन-तीन महिने सुधारत नाही, उलट मागे जाते. मग मार्गदर्शक म्हणतात की तिचे लक्ष उडाले आहे, आणि घरचे म्हणतात की आता पुरे झाले. प्रत्यक्षात तिचे हिमोग्लोबिन नऊ-साडेनऊवर आलेले असते आणि ती प्रत्येक फेरी अपुऱ्या प्राणवायूवर धावत असते. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) तपासले आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध दिले, तर काही हजारांत एक खेळाडू वाचते. मात्र गोळ्या आणि पावडरी दुकानदाराच्या किंवा मार्गदर्शकाच्या सांगण्यावरून कधीही आणून देऊ नका. नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, चाचणीत निषिद्ध द्रव्य सापडले तर 'मला माहीत नव्हते' हे उत्तर चालत नाही, आणि त्या डब्यावर बंदी असलेल्या घटकाचे नाव छापलेले असेलच असे नाही.

आता आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाच्या वाक्याकडे येतो. आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि चैत्र जवळ आला की परततात. शालेय स्पर्धांचे पुढचे टप्पे, क्रॉस कंट्री आणि वयोगटांच्या राष्ट्रीय स्पर्धा यांतल्या बऱ्याचशा त्याच महिन्यांत येतात. म्हणजे ज्या काळात या मुलीला सर्वांत जास्त खाणे, झोप आणि सोबत हवी असते, त्याच काळात घरात केवळ आजी असते, पाणी मुलगीच भरते, स्वयंपाकही तीच करते आणि पहाटेच्या अंधारात सरावाला एकटी निघते. आपण दोघे तिथेच राहता. त्या सहा महिन्यांत तिच्या दोन्ही वेळच्या जेवणाची व्यवस्था गावातल्या एखाद्या विश्वासू घरी लावून द्यावी, सरावासाठी आणखी एखादी मुलगी सोबत असेल असे पाहावे, आणि साठ हजारांतील मोठा वाटा ऑक्टोबर ते एप्रिल या महिन्यांत द्यावा, अशी आमची सूचना आहे. वर्षाच्या सुरुवातीला एकरकमी धनादेश दिला, तर तो बी-बियाण्यात, आजारपणात किंवा मुकादमाची उचल (मजुरीपोटी घेतलेली आगाऊ रक्कम) फेडण्यात जाईल. त्यात त्या कुटुंबाचा काही दोष नाही, कारण त्यांच्या गरजांचा क्रम वेगळा आहे.

थेट की संस्थेमार्फत, याविषयी थोडक्यात सांगतो. आपण एकाच मुलीला, ओळखीच्या गावात, स्वतः लक्ष घालून मदत करणार असाल, तर थेट द्यावी. त्यावर आयकरात सवलत मिळत नाही. ८०जी म्हणून परिचित असलेली सवलत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीलाच मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना आणि दोन हजारांपुढील रक्कम रोख दिलेली नसेल तरच. शिवाय नात्यात नसलेल्यांकडून वर्षाला पन्नास हजारांहून अधिक भेट मिळाली, तर ती घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जाते. ऊसतोड कुटुंबाला प्रत्यक्ष कर बहुधा भरावा लागणार नाही, परंतु निम्मी रक्कम खानावळ, बुटांचे दुकान आणि तपासणीची प्रयोगशाळा यांना परस्पर देणे हिशेबालाही सोपे जाते. दहा वर्षांवरील मुलांना बँकेत स्वतःच्या नावे बचत खाते उघडता येते, ते तिच्या नावे उघडून द्या. आणि मदत किमान तीन वर्षे चालेल असे तिला आजच सांगा. दरवर्षी 'यंदा मिळेल का' या काळजीने धावणारी मुलगी मोकळेपणाने धावू शकत नाही.

प्रश्न : मी शेतमजूर आहे. माझी चौदा वर्षांची मुलगी कुस्ती खेळते. विभागीय स्पर्धेत तिने दोनदा पहिला क्रमांक मिळवला. एका गृहस्थांनी तिचा सर्व खर्च करण्याची तयारी दाखवली आहे, पण पुढची दहा वर्षे तिच्या बक्षिसांतील आणि नोकरी लागल्यास पगारातीलही काही हिस्सा त्यांना द्यावा, असा कागद त्यांनी पुढे केला आहे. सही करू का? दुसरीकडे मदत कुठे मागावी? (कागल तालुका, जि. कोल्हापूर)

उत्तर : सही करू नका. अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार भारतीय करार कायद्यानुसार मुळातच ग्राह्य नसतो. तो कागद तुमच्या नावाने केला, तरी त्यात मुलीच्या भावी कमाईवर बोजा चढवलेला आहे. मदत करणारा माणूस हिस्सा मागत असेल तर ती मदत राहत नाही, ते कर्ज होते, आणि त्याच्या व्याजाचा दर कुठेही लिहिलेला नसतो. उद्या मुलगी जखमी झाली, तिने शिक्षणाकडे वळायचे ठरवले किंवा तालीम बदलली, तर तो कागद तुमच्याविरुद्ध काढला जाईल. एवढा मोठा विषय असल्याने पत्रावर विसंबू नका. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे तो कागद घेऊन जा. तिथे अशा सल्ल्याचे पैसे पडत नाहीत.

दुसरीकडे मदत कुठे मिळेल ते सांगतो. सर्वांत आधी कोल्हापूरच्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना भेटा आणि क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्या कधी आहेत ते विचारा. शासनाची ही निवासी योजना १९९० च्या दशकापासून चालू आहे आणि तिच्यात राहणे, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण एकत्र मिळते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे हे याच योजनेतून २००९ मध्ये नाशिकच्या केंद्रात गेले आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला त्यांनी नेमबाजीच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. मधली पंधरा वर्षे कोणत्याही एकट्या कुटुंबाला पेलणारी नव्हती. सरकार, पुण्याची लक्ष्य ही संस्था आणि पुढे रेल्वेची नोकरी असे अनेक हात त्यात लागले.

त्यापुढची पायरी खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या योजनेची आहे. तिच्यात निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद असते. त्यातील १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला दहा हजार रुपये, हे किरकोळ खर्चासाठी खेळाडूला मिळतात आणि उरलेली रक्कम प्रशिक्षण, निवास, आहार व साहित्य यांसाठी असते. परंतु देशभरातून निवडलेले खेळाडू तीन हजारांच्या आतबाहेर असतात, त्यामुळे त्या वाटेवर अवलंबून राहून इतर दारे बंद करू नयेत. त्याही पुढे ऑलिंपिक पदकाची शक्यता असलेल्या खेळाडूंसाठीची केंद्र सरकारची टॉप्स (टार्गेट ऑलिंपिक पोडियम स्कीम) ही योजना आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतील मुख्य गटातील खेळाडूला महिन्याला पन्नास हजार आणि विकास गटातील खेळाडूला पंचवीस हजार रुपये भत्ता मिळतो. पण तिथवर पोहोचणारे खेळाडू आधीच राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय पातळीवर नाव कमावलेले असतात. बिलियर्ड्सपटू गीत सेठी आणि बॅडमिंटनपटू प्रकाश पदुकोण यांनी २००१ मध्ये उभी केलेली ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट किंवा बंगळुरूची गोस्पोर्ट्स फाउंडेशन यांसारख्या संस्थाही बहुतांशी राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी पाहूनच खेळाडू निवडतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, त्यांचे उद्दिष्टच ते आहे. मात्र विभागीय विजेतेपद ते राष्ट्रीय पदक या मधल्या तीन-चार वर्षांत तुमच्या मुलीसारख्या खेळाडूला धरून ठेवणारे कोणी नसते, आणि तुमच्या दाराशी कागद घेऊन येणारे गृहस्थ नेमके त्याच पोकळीत शिरतात.

कागदपत्रे आजपासून एका फाइलमध्ये ठेवा : जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाइड, उत्पन्नाचा दाखला, प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र आणि ज्या वजनी गटात ती खेळली त्याची नोंद. जन्मतारखेत एक दिवसाचाही फेरफार कोणाच्या सांगण्यावरून करू नका. वय लपवल्याचे वैद्यकीय तपासणीत उघड झाले की मुलीच्या माथी कायमचा ठपका बसतो. आणि तुमच्या वस्तादांना सांगा की मातीवरचा सराव चालू राहू द्या, पण ऑलिंपिकची कुस्ती मॅटवरच होते, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन दिवस मॅट मिळेल अशी तालीम जवळपास शोधायलाच हवी. कोल्हापुरात ते अवघड नाही. एसटीचे भाडे हाच मुख्य प्रश्न असेल, आणि तेवढ्यापुरती मदत गावातूनही उभी राहू शकते.

प्रश्न : आमच्या गणेश मंडळाने वर्गणीतून दीड लाख रुपये शिल्लक टाकले आहेत. गावातील एका मुलाला राष्ट्रीय स्पर्धेत रौप्यपदक मिळाले. त्याची मिरवणूक आणि भव्य सत्कार करावा, असे निम्म्या सभासदांचे म्हणणे आहे. बाकीचे म्हणतात की हे पैसे शाळेतल्या नव्या खेळाडूंवर खर्च करावेत. आपले मत काय? (कराड तालुका, जि. सातारा)

उत्तर : आपण ज्या तालुक्यातून लिहीत आहात त्याच तालुक्यातील गोळेश्वरच्या कुस्तीगीर खाशाबा जाधवांची हकिकत आपल्या सभासदांना वेगळी सांगण्याची गरज नसावी. तरीही तिचा एक भाग पुन्हा पाहू या, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले आणि सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे ठरले तेव्हा पैशांची जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. शासनाकडून पुरेशी मदत मिळाली नाही. गावातल्या लोकांनी आपापल्या परीने वर्गणी दिली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बॅन्टमवेट या हलक्या वजनाच्या गटात कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते आणि पुढचे येण्यास १९९६ साल उजाडले. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर प्राचार्यांचे गहाण सोडवण्यासाठी याच ऑलिंपिक पदकविजेत्याने कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या पैशांतून कर्ज फेडले.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवी. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्याचा क्रीडा दिन आहे. परंतु तिच्यातील गहाण पडलेले घर आणि कर्ज फेडण्यासाठी खेळलेल्या कुस्त्या हा भाग कौतुकाचा नाही, तो पुन्हा कोणावर येऊ नये असा आहे. बैलगाड्या जोडणारी माणसे त्या गावात तेव्हाही होती. त्यांच्याकडून एकेक रुपया आधी जमला असता, तर मिरवणूक कमी झाली असती आणि घर वाचले असते.

म्हणून आमचे मत निःसंदिग्ध आहे. त्या मुलाचा सत्कार शाळेच्या पटांगणात, नारळ आणि शालीने, अर्ध्या तासात करा. त्याच्याच हस्ते नव्या मुलामुलींना बूट द्या. ज्याला रौप्यपदक मिळाले त्याच्याकडे आता लोक येतील, संस्थाही येतील. ज्या मुलीला अजून काहीच मिळालेले नाही, तिच्याकडे तुमच्याशिवाय कोणी येणार नाही. मुलगी हा शब्द मुद्दाम वापरत आहोत. मुलगा अठरा वर्षांचा झाला की सैन्यभरतीची वाट त्याच्यासाठी मोकळी असते, आणि आपल्याकडचे कित्येक धावपटू त्या वाटेने घडले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात गेल्यानंतरच स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीकडे, वळले. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात जाऊन वल्हवायला शिकले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेले. मुलींसाठी ती वाट फार अरुंद आहे, आणि सोळा-सतराव्या वर्षी घरी लग्नाचा विषय निघाला की सरावच थांबतो. तरीही माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी रिओला स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, हे आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. वर्गणीसाठी आपण धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतली असेल, तर तीत दिलेल्या कारणाबाहेर रक्कम खर्च करण्याआधी सर्वसाधारण सभेत ठराव करा आणि त्या कार्यालयाला विचारून घ्या. पुढच्या वर्षी वर्गणी मागतानाच 'शालेय खेळाडूंसाठी' असा उल्लेख केलात, तर हा प्रश्न उद्भवणार नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील काही मराठी कुटुंबे मिळून आदिवासी भागातील धावपटूंसाठी नाशिकच्या एका न्यासाला दरवर्षी मदत पाठवू इच्छितो. आमच्यापैकी काहींकडे भारतीय पासपोर्ट आहे, काहींनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे. अडचण येईल का?

उत्तर : ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकव्यवहाराने पाठवलेली रक्कम विदेशी योगदान मानली जात नाही. ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची रक्कम विदेशी योगदान ठरते, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरीही. ती स्वीकारण्यासाठी त्या न्यासाकडे विदेशी योगदान नियमन कायद्याखालील नोंदणी असावी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. म्हणून सगळ्यांनी एकाच खात्यात पैसे गोळा करून एकरकमी पाठवणे टाळा, कारण मग ते कोणाचे किती हे सांगता येत नाही आणि अडचणीत येतो तो न्यास. एखाद्याच्या भावाच्या खात्यात पाठवून तेथून वळवण्याचा सल्लाही कोणी देईल, तो मानू नका.

नाशिकच्या आदिवासी पट्ट्याची निवड मात्र योग्यच आहे. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, त्यामागे नाशिकमध्ये वर्षानुवर्षे चाललेले प्रशिक्षण होते. त्या न्यासाकडून तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागवा. किती मुले आली, किती टिकली आणि जी सोडून गेली ती का गेली, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्याकडे लिहून ठेवलेले असते, ती संस्था बहुधा चांगली असते.

प्रश्न : आमचा चाकणला सुट्या भागांचा कारखाना आहे आणि गेल्या वर्षीपासून सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) नफ्यातील दोन टक्के निधी आम्हाला लागू झाला. आमच्या कामगाराच्या मुलाला, जो चांगला बॉक्सर आहे, त्यातून मदत देता येईल का? त्याच्या जर्सीवर कंपनीचे नाव असावे, अशी भागीदारांची इच्छा आहे.

उत्तर : ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळांसाठीचे प्रशिक्षण हे कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात, म्हणजे हा निधी कशावर खर्च करता येतो त्या यादीत, समाविष्ट आहे, त्यामुळे क्षेत्र योग्य आहे. परंतु केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना लाभ देणारा खर्च या निधीत धरला जात नाही. जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेले प्रायोजकत्वही त्यात बसत नाही. तेव्हा त्या मुलाला मदत द्यायची आणि जर्सीवर नाव हवे असेल, तर ती कंपनीच्या जाहिरात खर्चातून किंवा भागीदारांच्या स्वतःच्या खिशातून द्या. दोन टक्क्यांचा निधी नोंदणीकृत संस्थेमार्फत परिसरातल्या सर्व मुलांसाठी वापरा. चाकण परिसरात बॉक्सिंगची एक चांगली रिंग, एक पूर्णवेळ मार्गदर्शक आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा फिजिओथेरपिस्ट एवढी सोय झाली, तर त्या मुलाचेही भले होईल. मार्गदर्शकाच्या पगाराला पैसे देण्यास कंपन्या कचरतात आणि इमारतीला लगेच देतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. आपण मार्गदर्शकाचा पगार द्या.

प्रश्न : मी एका तालुक्याच्या गावी उडीचे प्रशिक्षण देतो. माझ्या सतरा वर्षांच्या तिहेरी उडीच्या खेळाडूला एका प्रतिष्ठानाकडून दोन वर्षे महिना सहा हजार रुपये मिळत होते. त्यासाठी त्याला त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला व्यासपीठावर उभे राहावे लागे, आणि 'गवंड्याचा मुलगा' म्हणून त्याची ओळख करून दिली जाई. यंदा त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि मदत त्याच महिन्यात बंद झाली. मुलगा घराबाहेर पडत नाही. काय करावे? (नाशिक जिल्हा)

उत्तर : जे घडले ते अन्यायाचे आहे, आणि ते त्या मुलाला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. तो कमी पडला म्हणून मदत बंद झाली, असे त्याला वाटत असणार. उडी मारणाऱ्याचा गुडघा जाणे हा त्याच्या कामातला अपघात आहे. मदत देताना दुखापतीच्या काळाचा विचार न करणाऱ्यांनी मुळात त्या खेळाचाच विचार केलेला नव्हता. त्या प्रतिष्ठानाला एक सविस्तर पत्र अवश्य लिहा. दुखापतीनंतर किमान एक वर्ष मदत चालू राहावी, अशी विनंती करा आणि सोबत डॉक्टरांचा अहवाल जोडा. कधीकधी खालच्या पातळीवर घेतलेला निर्णय विश्वस्तांना माहीतही नसतो. उत्तर नकारार्थी आले तर मात्र पाठपुरावा सोडा आणि त्या मुलाला पुन्हा कोणाच्या व्यासपीठावर नेऊ नका. वडील गवंडी आहेत ही लाजेची बाब अजिबात नाही, पण ती सांगायची की नाही हे त्या मुलाने ठरवायचे असते. देणाऱ्या वाचकांनाही विनंती आहे की मुलाचा फोटो, घराचा फोटो आणि घरच्या अडचणींचे वर्णन त्याच्या व पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही वापरू नये.

उपचारांचे पाहू. शस्त्रक्रिया लागणार असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे जिल्हा रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारा. शस्त्रक्रियेपेक्षाही नंतरचे नऊ-दहा महिने अवघड असतात. त्या काळात फिजिओथेरपीच्या फेऱ्या, प्रवास आणि खुराक यांचा खर्च चालूच राहतो आणि टाळी वाजवायला कोणी नसते. गावातले चार-पाच व्यावसायिक महिन्याला हजार-हजार रुपये देण्यास तयार होतील का, हे आपण विचारून पाहावे. आमच्या वाचकांपैकी कोणाला हा भार उचलायचा असेल, तर त्यांनी कार्यालयाकडे पत्र पाठवावे. आम्ही ते आपल्यापर्यंत पोहोचवू.

या दरम्यान मुलाला रोज मैदानावर बोलवा. हाता-खांद्यांचा आणि धडाचा व्यायाम चालू राहू शकतो. लहान मुलांच्या उड्यांची नोंद ठेवण्याचे काम त्याला द्या आणि त्याचे थोडे मानधनही द्या. त्याचे शिक्षण कोठवर झाले हे आपण लिहिलेले नाही. सरावासाठी त्याने बारावी मध्येच सोडली असेल, तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून त्याला बाहेरून परीक्षेला बसता येईल. त्याची मुदत शाळेच्या नियमित अर्जांहून वेगळी असते, तेव्हा याच आठवड्यात जवळच्या केंद्र महाविद्यालयात चौकशी करा आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला सोबत न्या.